आपण रोज शिकवतो, प्राणी रोज शिकतात

कुत्रा चावला, माकडाने ओरबाडले, रानडुकराने मांडी फाडली, मोहफुले वेचताना अस्वल अंगावर आले. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या पट्ट्यातल्या सरकारी दवाखान्यात काम करणाऱ्या कोणत्याही डॉक्टरला ही यादी पाठ असते. जखम धुवून, लस टोचून झाली की सोबत आलेली मंडळी हमखास एक वाक्य बोलतात, ''डॉक्टरसाहेब, आता जनावराइले माणसाचा भेवच नाही राह्यला जी.''

हे वाक्य अगदी खरे आहे. पण भीती आपोआप गेलेली नाही, ती कुणीतरी घालवली आहे. प्राणी जन्मतःच काही गोष्टी घेऊन येतो, बाकीच्या तो अनुभवातून शिकतो. त्याच्या अनुभवाचा मोठा भाग आता आपणच आहोत. आपली शेते, आपला कचरा, आपल्या मोटरसायकली, आपली जिप्सी सफारी आणि आपल्या हातातले केळे. प्राणी कसे शिकतात याचे नियम शास्त्रज्ञांनी गेल्या सव्वाशे वर्षांत नीट शोधून काढले आहेत. हे नियम अवघड नाहीत. ते कळले तर बऱ्याच जखमा टळू शकतात, आणि जाता जाता आपल्याच काही सवयींचा उलगडा होतो.

बादलीचा आवाज आणि पान्हा

रशियातले इव्हान पावलोव्ह हे मानसशास्त्रज्ञ नव्हते, ते माझ्यासारखेच वैद्यकाची पदवी घेतलेले होते. पचनसंस्थेवरच्या संशोधनासाठी त्यांना १९०४ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. कुत्र्याच्या तोंडात अन्न पडल्यावर किती लाळ सुटते हे मोजताना त्यांच्या लक्षात आले, की जुन्या कुत्र्यांना अन्न यायच्या आधीच लाळ सुटते. खाणे घेऊन येणाऱ्या माणसाची नुसती पावले वाजली तरी पुरे. मग त्यांनी मुद्दाम आवाज आणि अन्न यांची जोडी लावली. आधी मेट्रोनोमची टिकटिक, लगेच अन्न. काही वेळा असे झाल्यावर नुसत्या टिकटिकीने लाळ सुटू लागली. आपल्या पाठ्यपुस्तकात याला 'अभिजात अभिसंधान' असे जड नाव आहे. सोप्या शब्दांत सांगायचे तर एका गोष्टीपाठोपाठ दुसरी येते हे शरीराने ओळखणे.

ज्यांच्या गोठ्यात गाय आहे त्यांना हे सांगायला पावलोव्ह लागत नाही. धार काढायची वेळ झाली, बादली वाजली, वासरू सोडले, की कासेला हात लागण्याआधीच गाय पान्हा सोडते. मेंदूतून ऑक्सिटोसिन हे संप्रेरक सुटते आणि दूध खाली उतरते. मूळ खूण वासराच्या तोंडाची, पण बादलीचा आवाज रोज तिच्या आधी येतो, म्हणून शरीर बादलीलाच उत्तर देते. उलट धार काढणारा माणूस अनोळखी असेल, आरडाओरडा होत असेल, तर घाबरलेली गाय दूध चोरते. बाळंतिणीच्या बाबतीतही हेच होते. शेजारच्या खाटेवरचे मूल रडले तरी तिच्या पदराला ओल येते.

इथे लक्षात ठेवायची गोष्ट एकच. हे शिकणे इच्छेवर चालत नाही. कुत्रा लाळ 'गाळायची' असे ठरवत नाही आणि गाय पान्हा 'सोडायचा' असे ठरवत नाही. शरीर आधी तयार होते, विचार असलाच तर मागून येतो.

नंदीबैलाची मान

दुसऱ्या प्रकारच्या शिकण्यात प्राणी काहीतरी करून बघतो आणि त्याचे फळ काय मिळते यावरून शिकतो. अमेरिकेत एडवर्ड थॉर्नडाइक यांनी भुकेल्या मांजरांना पेटीत कोंडून बाहेर मासा ठेवला. पेटीचे दार एका खटक्याने उघडत असे. मांजर धडपडायचे, ओरबाडायचे, कधीतरी चुकून खटका दाबला जायचा आणि सुटका व्हायची. पुन्हा कोंडले की वेळ थोडा कमी लागायचा. शेवटी मांजर पेटीत टाकताच सरळ खटक्याकडे वळायचे. १८९८ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. ज्या कृतीचे फळ गोड ती कृती पक्की होते, ज्या कृतीचे फळ कडू ती गळून पडते, एवढाच त्याचा अर्थ. पुढे बी. एफ. स्किनर यांनी उंदीर आणि कबुतरांवर याचा सविस्तर अभ्यास केला.

आपल्याकडे नंदीबैलवाल्यांना ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या येते. गुबुगुबु वाजले की मान हलवायची, मालकाने पाय पुढे केला की वाकायचे, हे बैल ढोलाची भाषा समजून करत नाही. वाद्याच्या विशिष्ट आवाजानंतर मान हलवली की काहीतरी चांगले मिळते किंवा काहीतरी त्रासदायक थांबते, एवढेच तो शिकलेला असतो. 'पाऊस पडेल का?' या प्रश्नाला तो होकार देतो तो प्रश्नाला नव्हे, वाद्याला.

'त्रासदायक थांबते' हेही एक बक्षीसच असते, आणि रोजच्या जीवनात त्याकडे आपले दुर्लक्ष होते. रस्त्यावरचे कुत्रे मोटरसायकलच्या मागे का धावते? ते भुंकत धावते आणि मोटरसायकल निघून जाते. ती तशीही जाणारच होती, पण कुत्र्याच्या हिशेबात ती त्याने हाकलली. दिवसातून वीस गाड्या गेल्या की वीस वेळा यश. चालकाने घाबरून वेग वाढवला तर यश आणखी मोठे. म्हणून एकदा लागलेली ही खोड सहसा आपोआप जात नाही. शक्य असेल तिथे गाडी हळू करणे, थांबणे, पाय न झाडणे याने कुत्र्याचा खेळ फसतो. वेग वाढवून पडलेली माणसे कुत्र्याच्या दातापेक्षा डांबरामुळे जास्त जखमी झालेली मी पाहिली आहेत.

कधी मिळते, कधी मिळत नाही

स्किनर यांची एक गंमतशीर हकीकत आहे. उंदराने दांडी दाबली की त्याला खाण्याची एक गोळी मिळायची. या गोळ्या त्यांना स्वतःच बनवाव्या लागत. एका शनिवारी दुपारी गोळ्या संपत आल्या. उरलेला दिवस गोळ्या वळण्यात घालवायचा नाही म्हणून त्यांनी ठरवले, दर वेळी गोळी द्यायची नाही, मिनिटाला एकच द्यायची. उंदीर दांडी दाबायचे थांबतील असे कुणालाही वाटेल. ते थांबले नाहीत. पुढे असे सिद्ध झाले, की ज्याला दर वेळी बक्षीस मिळते तो बक्षीस बंद होताच लवकर थांबतो. ज्याला कधी मिळते कधी नाही, तो खूप काळ प्रयत्न करत राहतो.

आता राष्ट्रीय महामार्गावरची माकडे आठवा. एक गाडी थांबते, केळे देते. पुढच्या दहा गाड्या थांबत नाहीत. अकराव्या गाडीतून बिस्किटाचा पुडा येतो. माकडाच्या दृष्टीने ही स्किनरची पेटीच आहे. म्हणून ते रस्त्याच्या कडेला तासन्‌तास बसते, गाडीखाली येते, आणि खाणे मिळाले नाही तर पिशवी ओढते. पिशवी ओढल्यावर घाबरलेला माणूस ती सोडून देतो. म्हणजे मागण्यापेक्षा ओढणे जास्त फायद्याचे, हा दुसरा धडा. पिशवी न सोडणाऱ्याला दात दाखवले की तोही सोडतो, हा तिसरा. चावा हा या अभ्यासक्रमाचा शेवटचा धडा असतो. पहिला धडा आपण पुण्य म्हणून दिलेला असतो.

माकडे एकमेकांकडे बघूनही शिकतात. प्रयोगशाळेत वाढलेली माकडे सापाला भीत नाहीत. पण रानात वाढलेले माकड सापाला बघून घाबरताना त्यांना दाखवले, की तीही घाबरू लागतात. अमेरिकेत सुसान मिनेका यांनी १९८० च्या दशकात हे दाखवले. विशेष म्हणजे चित्रफितीत फेरफार करून माकड फुलाला घाबरते असे दाखवले तेव्हा बघणारे माकड फुलाला घाबरायला शिकले नाही. कोणत्या गोष्टीची भीती सहज शिकायची याची तयारी निसर्गाने आधीच करून ठेवलेली असते. भीती जशी बघून शिकता येते, तसे माणसाच्या हातातले खाणे हिसकावणेही बघून शिकता येते. एका धीट नराने सुरू केलेली चोरी त्यामुळे कळपाची रीत होऊन बसते.

उंदराची अक्कल

भंडारा हा धानाचा जिल्हा. बांधीतले आणि कोठ्यातले उंदीर हा इथल्या शेतकऱ्याचा जुना वैरी. झिंक फॉस्फाइडचे आमिष ठेवण्याआधी दोन-तीन दिवस बिनविषारी आमिष ठेवावे, असे कृषी खाते सांगते. यामागे प्राण्यांच्या शिकण्याचा एक विलक्षण नियम आहे.

उंदराला उलटी करता येत नाही. त्यामुळे नवीन खाणे दिसले की तो आधी थोडेसेच चाखतो. त्याने पोट बिघडले आणि तो वाचला, तर त्या चवीच्या वाटेला पुन्हा जात नाही. पावलोव्हच्या प्रयोगात आवाज आणि अन्न यांत फार अंतर पडले तर कुत्रा जोडी लावू शकत नसे. इथे मात्र खाणे आणि आजार यांत काही तासांचे अंतर असते आणि धडा एकाच खेपेत पक्का होतो. अमेरिकी शास्त्रज्ञ जॉन गार्सिया यांनी हे दाखवले तेव्हा अनेकांचा विश्वास बसेना. १९६६ च्या प्रयोगात त्यांनी उंदरांना गोड पाणी दिले आणि पिताना दिवा लागेल, आवाज होईल अशी सोय केली. ज्या उंदरांना नंतर मळमळ झाली त्यांनी गोड चव टाळली, दिवा-आवाज नाही. ज्यांना विजेचा झटका बसला त्यांनी दिवा-आवाज टाळला, चव नाही. पोटातल्या दुखण्याचा दोष चवीला आणि कातडीवरच्या दुखण्याचा दोष बाहेरच्या गोष्टीला, अशी वाटणी मेंदूत जन्मतःच आहे.

म्हणूनच बिनविषारी आमिषाची चव आधी ओळखीची करून द्यावी लागते, मग उंदीर पोटभर खातो. ब्रोमाडिओलोनसारख्या औषधांचा परिणाम काही दिवसांनी दिसतो, त्यामुळे उंदराला दोष कशाला द्यावा हे कळतच नाही. जाता जाता डॉक्टर म्हणून एक कळकळीची विनंती. झिंक फॉस्फाइड पोटात गेले की फॉस्फिन हा विषारी वायू तयार होतो आणि त्यावर उतारा नाही. ते धान्याच्या डब्याजवळ, मुलांच्या हाताला येईल असे, किंवा रिकाम्या औषधाच्या बाटलीत कधीही ठेवू नका. उंदीर थोडेसे चाखून थांबतो, लहान मूल थांबत नाही.

हाच नियम कर्करोगाच्या रुग्णांना छळतो. केमोथेरपीच्या आधी जे खाल्ले, त्याचीच पुढे शिसारी येते. औषधाने मळमळ झाली हे रुग्णाला पक्के ठाऊक असते, तरी शरीर दोष जेवणाला देते. इलीन बर्नस्टीन यांनी १९७८ मध्ये लहान मुलांना केमोथेरपीआधी वेगळ्या चवीचे आइस्क्रीम देऊन हे दाखवून दिले. काही रुग्णांना तर पुढच्या खेपेला दवाखान्याचे फाटक दिसताच किंवा स्पिरिटचा वास येताच मळमळू लागते. घरचे म्हणतात, ''अजून औषध लागलंच नाही, मनाचं आहे सगळं.'' हे मनाचे खेळ नाहीत, पावलोव्हच्या टिकटिकीसारखेच आहे. उपाय दोन. पहिल्या खेपेपासूनच उलटी थांबवणारी औषधे नीट घ्यावीत, म्हणजे जोडी जुळणारच नाही. आणि केमोथेरपीच्या आसपास रुग्णाचा सर्वांत आवडता पदार्थ देऊ नये, नाहीतर प्रेमाने केलेली पुरणपोळी कायमची नावडती होऊन बसेल.

बुजगावण्याची सवय

सर्वांत साधे शिकणे म्हणजे सवय होणे. पुन्हा पुन्हा घडणाऱ्या आणि काहीच परिणाम न करणाऱ्या गोष्टीकडे दुर्लक्ष करायला प्राणी शिकतो. समुद्री गोगलगाईसारख्या अगदी साध्या जिवातही हे घडते. तिच्या चेतापेशींमधले निरोप पोहोचवण्याचे बळ अशा वेळी खरोखर कमी होते, हे दाखवणारे एरिक कँडेल २००० च्या नोबेलचे मानकरी ठरले. शिकणे हा पेशींमध्ये होणारा प्रत्यक्ष बदल आहे.

शेतातले बुजगावणे पहिल्या दिवशी काम करते. चार दिवसांनी पाखरे त्याच्या डोक्यावर बसतात. फटाके, डबे, रेकॉर्ड केलेले आवाज, चमकत्या पट्ट्या या सगळ्यांचे तेच. साधन वाईट नसते, ते एकाच जागी, एकाच वेळी, एकाच पद्धतीने वापरले जाते हे वाईट. जागलीला बसणारा अनुभवी शेतकरी आज या बांधावरून, उद्या त्या बांधावरून आवाज देतो. त्याने कोणताही प्रबंध वाचलेला नसतो, पण रानडुकराला सवय होऊ द्यायची नाही हे त्याला कळलेले असते.

वाघांच्या बाबतीत ही सवय गंभीर होते. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याचा काही भाग आपल्या पवनी तालुक्यात आहे. ३१ डिसेंबर २०२४ रोजी या अभयारण्यातल्या गोठणगाव भागात एफ-२ वाघीण आणि तिचे पाच बछडे रस्त्यावर असताना पर्यटकांच्या गाड्यांनी दोन्ही बाजूंनी त्यांची वाट अडवली. चित्रफीत सगळीकडे फिरली, चालक आणि मार्गदर्शकांवर कारवाई झाली, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. चर्चा झाली ती नियम मोडल्याची, आणि ती व्हायलाच हवी होती. मला प्रश्न पडतो तो बछड्यांच्या शाळेचा. दीड-दोन वर्षे बछडे आईबरोबर राहून रान शिकतात. शिकार कशी करायची, पाणी कुठे आहे, कशाला भ्यायचे आणि कशाकडे दुर्लक्ष करायचे. इतक्या जवळ माणसे असूनही काही होत नाही, हा धडा त्यांना कशाला हवा? मोठे झाल्यावर त्यातले काही अभयारण्याबाहेर जागा शोधत गावांच्या शिवारातून जातील. तिथे जिप्सी नसेल, सरपण गोळा करणारी बाई असेल.

सवय मोडून भीती पुन्हा शिकवता येते का? सुंदरबनात १९८० च्या दशकात असा प्रयत्न झाला. लाकूडतोडे आणि मासेमार यांच्यासारखे मातीचे पुतळे करून त्यांना माणसांनी वापरलेले कपडे घातले आणि बॅटरीवरची वीज जोडली. वाघाने झेप घेतली की जीव जाणार नाही, पण विसरणार नाही असा झटका बसायचा. त्याच काळात जंगलात जाणाऱ्यांना डोक्याच्या मागे लावायला माणसाच्या चेहऱ्याचे मुखवटे दिले गेले, कारण वाघ बहुधा मागून येतो. सुरुवातीच्या काळात मुखवटा घातलेल्या माणसांवर हल्ले झाले नाहीत, मुखवटा नसलेल्यांवर होत राहिले. पुढे वाघ मुखवट्यालाही सरावल्याचे सांगितले जाऊ लागले. बुजगावण्याचा नियम वाघालाही चुकत नाही. ज्या खुणेमागे खरे काही नाही, ती खूण फार काळ टिकत नाही.

विसरणे म्हणजे पुसणे नव्हे

शिकलेले विसरते कसे? टिकटिक झाली पण अन्न आले नाही, असे पुन्हा पुन्हा झाले की लाळ कमी होते आणि थांबते. पाठ्यपुस्तकात याला 'विलोपन' म्हणतात. मात्र पावलोव्ह यांनी पाहिले, की काही काळ विश्रांती देऊन पुन्हा टिकटिक ऐकवली तर लाळ परत सुटते. म्हणजे जुना धडा पुसला जात नाही, त्याच्यावर नवा धडा लिहिला जातो. खालचे अक्षर कधीही डोकावते.

१९२४ मध्ये लेनिनग्राडला पूर आला तेव्हा पावलोव्हच्या प्रयोगशाळेत पाणी शिरले आणि पिंजऱ्यातले कुत्रे बुडता बुडता वाचले. त्यानंतर काही कुत्र्यांची शिकलेली वर्तने बिघडली, आणि खोलीत पाण्याचा ओघळ जरी आला तरी ते सैरभैर होत. २०२० च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेचा महापूर ज्यांनी पाहिला, त्यांच्यातल्या काहींना पाऊस लागून राहिला की रात्री झोप येत नाही. त्यांना भित्रे म्हणू नये. एका रात्रीत पक्का झालेला धडा सावकाश, धीराने आणि गरज असेल तर मानसोपचाराच्या मदतीने हलका होतो.

विलोपनाचा आणखी एक गुण व्यवहारात फार महत्त्वाचा. बक्षीस बंद केल्यावर वर्तन लगेच कमी होत नाही, आधी वाढते. माकडांना खाणे देणे बंद केले की पहिले काही दिवस ती जास्त आक्रमक होतात. गावकरी म्हणतात, ''बंद करून उलटंच झालं,'' आणि कुणीतरी केळी टाकतो. त्या क्षणी माकड शिकते, की जास्त दंगा केला की मिळते. हट्टी मुलाला शेवटी मोबाइल देणाऱ्या आईबापांनाही हे ओळखीचे वाटेल.

आणि खर्रा खाणाऱ्यांनाही. आमच्या भागात तोंड पूर्ण उघडत नाही, तिखट सोसत नाही असे सांगणारे तरुण रोज येतात. ''सोडला होता डॉक्टरसाहेब, पण पानठेल्यावर गेलो आन्‌ राहावलंच नाही,'' हे ठरलेले उत्तर. वोल्फ्राम शुल्झ यांनी १९९० च्या दशकात माकडांच्या मेंदूत पाहिले, की फळाचा रस मिळाल्यावर डोपामिनच्या पेशी चेततात, पण रसाआधी दिवा लावायची जोडी बसली की त्या दिव्यालाच चेततात. दिवा लागून रस मिळाला नाही तर त्या नेहमीपेक्षाही शांत होतात. खर्ऱ्याचा दिवा म्हणजे पानठेला, घोटण्याचा आवाज, जेवणानंतरची ती वेळ, तो मित्र. तलफ तंबाखूने येण्याआधी खुणेने येते. म्हणून नुसता निश्चय पुरत नाही, काही आठवडे रस्ता बदलावा लागतो. 'फक्त सणाला एक' हा तर स्किनरचा उंदीर तयार करण्याचा खात्रीचा मार्ग. अधूनमधून मिळणारे बक्षीसच सवय सर्वांत चिवट करते. तलफ वाढली म्हणजे प्रयत्न फसला असे नाही, विलोपन सुरू झाले असे समजावे आणि तेवढे दिवस काढावेत. तंबाखू सोडण्यासाठी सरकारी दवाखान्यात समुपदेशन मिळते, ते जरूर घ्यावे.

मग करायचे काय?

माकडांना, रस्त्यावर किंवा मंदिरात, हाताने काहीही खायला देऊ नका. बंद करायचे तर सगळ्या गावाने एकाच दिवशी बंद करा आणि पहिले काही दिवस वाढलेला त्रास सोसा. निम्म्या लोकांनी बंद करणे म्हणजे कधी मिळते कधी नाही, आणि ते सर्वांत वाईट.

भटक्या कुत्र्यांना खाऊ घालायचेच असेल तर शाळा, दवाखाना आणि रहदारीपासून दूर, ठरलेल्या जागी घाला. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात ठरवून दिलेल्या जागीच खाऊ घालण्याचे सांगितले आहे. प्राणी खाण्याबरोबर जागाही शिकतो आणि मग ती जागा राखू लागतो. कोंबडी-मटणाचा कचरा उघड्यावर टाकणे हेसुद्धा खाऊ घालणेच आहे. त्या कचऱ्याने कुत्री येतात, आणि जंगलालगतच्या गावात कुत्र्यांच्या मागावर बिबट्या येतो.

मोहफुले आणि तेंदूपत्त्याच्या हंगामात एकट्याने जाऊ नका, पहाटेच्या अंधारात जाऊ नका. गटाने, बोलत, आवाज करत जा. वाकलेला किंवा बसलेला एकटा माणूस वाघाला माणसासारखा दिसत नाही. सफारीला गेलात तर चालकाला 'अजून जवळ घ्या' असे म्हणू नका. त्या शंभर रुपयांच्या बक्षिसाने वाघाबरोबर चालकही शिकतो.

आणि चावा झालाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा. मिरची, चुना, हळद, तेल काहीही लावू नका. त्याच दिवशी दवाखान्यात या. सरकारी दवाखान्यात रेबीजची लस मोफत मिळते. त्वचेत देण्याच्या पद्धतीत ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी डोस असतात, ते सगळे पूर्ण करा. रक्त निघालेल्या जखमेत लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही लागते. कुत्र्याइतकेच हे माकडाच्या चाव्यालाही लागू आहे. रेबीजची लक्षणे एकदा सुरू झाली की जवळजवळ कुणीच वाचत नाही, हे विसरू नका.

बाकी सगळे प्राणी अनुभवातून शिकतात. पण दुसऱ्याला झालेल्या जखमेची गोष्ट ऐकून, ती स्वतः न भोगता आपले वागणे बदलण्याची सोय निसर्गाने सर्वांत जास्त माणसाला दिली आहे. ती वापरायला पैसे लागत नाहीत.